दर दोन तासांनी

बटाटे काढायला घेतले त्याच्या चौथ्या दिवशी बाप सरीत पडला. हातातली भरलेली पाटी उपडी झाली, बटाटे गडगडत गेले. मागून वेचत येणाऱ्या आईला वाटलं, पाय घसरला असेल. ती आधी बटाटेच गोळा करायला लागली. अर्धी पाटी भरली तरी तो उठला नाही, तेव्हा तिने हाक मारली.

सरकारी दवाखाना बसने अर्ध्या तासावर होता. तिथे नऊ दिवस ठेवलं आणि घरी पाठवलं. उजवी बाजू गेली होती. वाचाही गेली होती. एकच शब्द तोंडात अडकून राहिला होता, 'नको'. पाणी तोंडाशी नेलं की 'नको' म्हणायचा आणि घटाघटा प्यायचा. खिडकी लावली तरी 'नको', उघडली तरी 'नको'.

"जन्मभर आम्हाला हेच ऐकवलं. आता तेवढंच उरलं," थोरला मुलगा म्हणाला आणि हसला. आई हसली नाही.

थोरला एकतीस वर्षांचा. त्याचं लग्न ठरत आलं होतं. बाप घरी आला त्याच आठवड्यात मुलीकडच्यांचा निरोप आला, घरात अंथरुणाला खिळलेला माणूस आहे, आमच्या मुलीला झेपायचं नाही. त्या दिवसापासून थोरला बापाच्या खोलीत गेला नाही. काही सांगायचं असलं की दारात उभा राहून सांगायचा.

धाकटी मुलगी पंचविशीची. रोज बसने जाऊन-येऊन तिने इतिहासात पदवी घेतली होती. मग दोन वर्षं अर्ज केले. एका शाळेत चार महिने बदलीवर शिकवलं. ज्या बाईंच्या जागेवर घेतलं होतं त्या बाळंतपणाहून परतल्या आणि हिला चहा पाजून निरोप दिला. तेव्हापासून ती शेतात होती. थोरला तिला 'पदवीधर' म्हणायचा. "पदवीधर, पोत्यांची तोंडं शिवून झाली का?" सगळ्यांसमोर म्हणायचा. मजुरांनीही तेच उचललं होतं.

दवाखान्यातल्या त्या नऊ दिवसांत बापापाशी तीच राहिली. तिसऱ्या दिवशी वॉर्डातल्या मोठ्या सिस्टर आल्या. पन्नाशीच्या, जाडजूड, पांढऱ्या बुटांच्या टाचा झिजलेल्या. त्यांनी बापाची चादर ओढली, पाठ बघितली आणि मुलीला विचारलं, "किती वेळ झाला असा उताणा?"

"सकाळपासून."

"माणूस आहे का पोतं? दर दोन तासांनी कूस बदलायची. ये इकडे. एकदाच दाखवीन."

त्यांनी एकदाच दाखवलं. गुडघा दुमडायचा, एक हात खांद्याला, एक कमरेला, आपला पाय खाटेला टेकवायचा आणि ओढायचं नाही, लोटायचंही नाही. त्याचं वजन त्यालाच वळवू द्यायचं. मग पाठीशी उशी, दोन गुडघ्यांमध्ये घडी, टाच अधांतरी. दोन तासांनी मुलीने एकटीने केलं. बाप अलगद कुशीवर आला आणि त्याच्या छातीतून मोठा सुस्कारा सुटला. इतकं नीट झालेलं काम तिच्या हातून कित्येक महिन्यांत झालं नव्हतं. तिला बापाची दया आली होती असं नाही. हाताला जमलं, एवढंच तिच्या डोक्यात बसलं.

सुट्टी मिळाली त्या दिवशी औषधांच्या खिडकीशेजारी तिने भिंतीवरचा कागद वाचला. कोणत्याही विषयातल्या पदवीधरांसाठी नर्सिंगची पदवी, दोन वर्षांत. त्याआधी विज्ञानाच्या तीन विषयांची परीक्षा आणि वॉर्डात दोनशे तास काम केल्याचा दाखला. तिने तो कागद दोनदा वाचला आणि मोठ्या सिस्टरना गाठलं. त्या हात धूत होत्या.

"इतिहास? मेलेल्या राजांचा?" सिस्टर म्हणाल्या. "इथे जिवंत माणसं हगतात."

"मला जमेल."

"जमेल कसं नाही, जमतं सगळ्यांना. वाट कुठली धरायची ते बघ. चार वर्षांची पदवी आहे, ती पोरंसोरं घेतात बारावीनंतर. तू बाहेर पडशील तेव्हा तीस. तीन वर्षांची पदविका आहे, इथेच, मागच्या इमारतीत. रोज घरी जाता येतं. मी तीच केली. अठ्ठावीस वर्षं झाली. माझ्या हाताखाली सुई टोचायला शिकलेली पोरगी पदवी घेऊन आली आणि आता माझी रजा मंजूर करते." त्यांनी नळ बंद केला. "आणि ही दोन वर्षांची. चार वर्षांचं दोन वर्षांत कोंबतात. वसतिगृहात राहायचं, दर आठवड्याला परीक्षा. घर मेलं असं समजायचं. निम्म्या पोरी पळतात."

"तासांचा दाखला तुम्ही द्याल?"

"तास भरलेस तर देईन. एक मिनिट कमी असलं तर नाही."

घरी तिने विषय काढला तेव्हा आई बटाटे निवडत होती. मोठे एकीकडे, मधले एकीकडे, बारके बियाण्याला, कुदळ लागून कापलेले घरात खायला. थोरला दारात बूट खरवडत होता.

"नर्स?" थोरला म्हणाला. "घरात पेशंट आहे की. कर नर्सिंग. पदवी मी देतो तुला."

"दादा, सकाळी सात ते एक वॉर्डात जाईन. दुपारपासून शेतात. अभ्यास मी माझा बघीन."

"आणि सकाळी कोण वेचणार? माणसं मिळत नाहीत. पलीकडच्या मळ्यात जास्त देतात, सगळे तिकडे पळाले. वर आभाळ रोज भरून येतंय. एक पाऊस पडला की निम्मं रान जमिनीतच कुजेल."

"सकाळचं मी दुपारी भरून काढीन."

आई मान वर न करता म्हणाली, "लोकांचं मलमूत्र काढायला एवढी शिकलीस?"

"बाबांचं काढतेच ना."

"ते बाप आहेत तुझे."

"वास तोच असतो, आई."

आईच्या हातातला बटाटा थांबला. मग तो मधल्यांच्या ढिगात पडला. थोरला खोलीच्या दाराशी गेला आणि मोठ्याने म्हणाला, "बाबा, ही नर्स व्हायला निघालीय. जाऊ द्यायचं का?"

"नको," बाप म्हणाला.

"ऐकलंस?"

"जाऊ नको देऊ का, असं विचार," मुलगी म्हणाली. थोरल्याने विचारलं नाही.

ती जायला लागली. पहाटे उठून बापाला पुसायची, भरवायची, कूस बदलायची आणि सहाची बस धरायची. वॉर्डात तीस खाटा होत्या, निम्म्या पुरुषांच्या, निम्म्या बायकांच्या. पहिल्या दिवशी मोठ्या सिस्टरनी विचारलं, "तुला काय म्हणतात?" तिने नाव सांगायच्या आत अर्जावर नजर टाकून त्याच म्हणाल्या, "पदवीधर. बरं. पदवीधर, सात नंबरचं भांडं काढ." इथेही तेच नाव चिकटलं, आणि थोरला इथे कधी आलाही नव्हता.

दुसऱ्या आठवड्यात बारा नंबरला एक म्हातारी आली, मांडीचं हाड मोडलेली. मुलीने ओळखलं. शाळेतल्या इतिहासाच्या बाई. त्यांनीच हिला तो विषय घ्यायला लावला होता. मुलगी भांडं घेऊन गेली तेव्हा बाईंनी चष्मा चाचपून घातला, तिच्याकडे बघितलं आणि पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं.

"दुसऱ्या कुणाला पाठवा," त्या सिस्टरना म्हणाल्या.

"दुसरं कुणी नाही. का?"

"ती माझी विद्यार्थिनी आहे."

"मग गुण द्या तिला," सिस्टर म्हणाल्या आणि पडदा ओढून निघून गेल्या. बाईंनी डोळे मिटून घेतले. मुलीने त्यांना उचललं, भांडं सरकवलं, पुसलं.  शेवटी बाई म्हणाल्या, "एवढ्यासाठी शिकवलं होतं का मी तुला?" मुलीने भांडं झाकलं आणि ती मोरीकडे गेली. तिथे तिने ते दोनदा धुतलं.

एकदा कोपऱ्यातल्या रुग्णाची कूस बदलायला तिला वीस मिनिटं उशीर झाला. सिस्टरनी सगळ्या वॉर्डासमोर तिला रिकाम्या खाटेवर झोपायला लावलं. चादरीला मुद्दाम एक घडी पाडली आणि ती तिच्या माकडहाडाखाली आली की नाही ते बघितलं. "दोन तास. बोट हलवायचं नाही. खाज आली तरी नाही." पहिली दहा मिनिटं तिला हसू येत होतं. अर्ध्या तासात घडीच्या जागी सुई टोचल्यासारखं झालं, मग चटका, मग बधिर. डोळ्यांतून पाणी कानात गेलं ते तिला पुसता आलं नाही. जेवण वाटणारी बाई थांबून बघून गेली. दोन तासांनी सिस्टर घड्याळ बघत आल्या. "ऊठ. आणि हे तास मी धरणार नाही. झोपायचे तास असतात का?"

एकला वॉर्डातून सुटका, दीडची बस, दोन वाजता घर. बहुतेक दिवस बाप पहाटे ठेवला होता तसा नाही, उताणा सापडायचा. कुशीवरून घसरून पाठीवर आलेला, लघवीत भिजलेला. आई सकाळपासून सरीत वाकलेली असायची. थोरला दुपारी जेवायला घरी यायचा, बापाच्या दारावरून जायचा आणि परत जायचा.

"दादा, बारा वाजता एकदा नुसतं कुशीवर कर. दोन मिनिटं लागतात. मी दाखवते."

"ते तुझं काम आहे."

"पाठ लाल झालीय त्यांची. दाबलं तरी लाली जात नाही."

"मग घरी थांब. तू घरी थांबलीस तर लाल होणार नाही." थोरल्याने पोतं पाठीवर घेतलं. "मला काय ते कळत नाही असं वाटतं का तुला? चांगलं कळतं. बसमध्ये चढताना तुलाही कळत असतं."

तो बोलला ते खरं होतं. तिने दवाखान्यातून जुनी हवेची गादी मागून आणली. ती चौथ्या दिवशी फुटली. आईला सांगितलं तर आई म्हणाली, "मी एकटीने ह्यांना हलवू? ह्यांच्या एका पायाचं वजन माझ्याएवढं आहे." आई खरंच लहानखुरी होती. तिच्या मनगटाभोवती मुलीची दोन बोटं सहज मिटायची.

भरलेली पोती ठेवायला जागा पुरेना म्हणून थोरल्याने बापाच्या खोलीत थप्पी लावायला सांगितली. मजुरांनी खाटेच्या तीन बाजूंनी छातीभर थप्पी रचली. आठवड्याभराने आईला खोलीत कुजका वास आला. एक बटाटा सडला की शेजारचे दहा सडवतो, ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. आईने शेतातलं काम टाकलं आणि पोती उसवायला घेतली. मुलगी दोनला घरी आली तेव्हा खोलीभर बटाटे पसरले होते आणि आई गुडघ्यांवर बसून एकेक बटाटा नाकाशी नेत होती. चार पोती झाली होती. एकही सडका निघाला नव्हता.

"खालच्या पोत्यात असेल," आई म्हणाली. "वास तर इथेच आहे."

मुलगी दारातच थांबली. वॉर्डात हा वास तिला रोज यायचा. ती बटाट्यांवरून वाट काढत खाटेपाशी गेली आणि बापाला कुशीवर घेतलं. दोन दिवस काढणी आवरायच्या घाईत तिनेही अंधारातच त्याला पुसलं होतं. माकडहाडावरची लाली आता काळी झाली होती. काळ्या कातड्याची कड सुटली होती आणि तिथून पाणी झिरपत होतं. खड्डा अंगठ्याचं पेर मावेल एवढा होता.

आई खालूनच म्हणाली, "काय गं? कुठे आहे?"

"इकडे ये."

आई आली, बघितलं आणि हातातला बटाटा तसाच धरून उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी बटाट्याच्या ट्रॉलीत, पोत्यांवर गादी टाकून, बापाला दवाखान्यात नेलं. थोरल्याने ट्रॅक्टर फाटकापाशी उभा केला आणि तो पोती घेऊन बाजाराकडे निघून गेला. वॉर्डात मोठ्या सिस्टरनी जखम बघितली. तीस खाटांवरचे लोक माना वर करून बघत होते.

"कुणाचा पेशंट हा?"

"माझे वडील," मुलगी म्हणाली.

"घरी कोण बघतं ह्यांना?"

"मी."

"वा," सिस्टर म्हणाल्या. आवाज त्यांनी मुळीच खाली आणला नाही. "बघा हो सगळ्यांनी. ही तुमच्या पाठी सांभाळते. रोज सकाळी तुम्हाला वळवायला येते आणि स्वतःच्या बापाला कुजत ठेवते. पदवीधर आहे."

बारा नंबरच्या बाईंनी तोंड भिंतीकडे केलं.

डॉक्टरांनी मेलेलं मांस कापायला घेतलं. बापाला गच्च धरायला माणूस हवा होता. सिस्टरनी बोट दाखवलं. मुलीने बापाचा खांदा आणि कंबर आपल्या अंगाशी दाबून धरली. बधिर करूनही कडेला दुखत होतं. "नको, नको, नको," बाप तिच्या पोटाशी तोंड खुपसून म्हणत होता, आणि पहिल्यांदाच त्या शब्दाचा अर्थ तोच होता. तिने धरलेलं सोडलं नाही. कात्री कुठल्या कोनात जाते, चांगलं मांस कुठे लागलं की रक्त येतं, ते ती बघत राहिली. मान वळवली नाही. नंतर मोरीत जाऊन ओकली, तोंड धुतलं आणि पट्ट्यांचा ट्रे घेऊन परत आली.

दीड महिन्याने तिने दाखल्याचा कागद पुढे केला. सिस्टरनी वही काढून बेरीज केली. "एकशे चौऱ्याण्णव."

"बाबांना आणलं त्या दिवशी मी सातपासून एकपर्यंत इथेच होते. त्यांचंच सगळं केलं."

"घरच्या माणसाचे तास धरत नाहीत. सहा कमी आहेत."

"सिस्टर, उद्या अर्जाची शेवटची तारीख आहे."

"मग आज दुपारी भर. एक ते सात. मोऱ्या घासायच्या आहेत."

तिने मोऱ्या घासल्या. सातला सिस्टरनी सही केली, शिक्का मारला आणि कागद तिच्या हातात देताना म्हणाल्या, "पदविकेला मी तुझी जागा सांगून ठेवलीय. रोज घरी जाता येईल, बाप जगेल. विचार कर." त्या प्रेमाने बोलल्या की आपल्यासारखी आणखी एक व्हावी म्हणून, ते मुलीला कळलं नाही.

तीन विषयांत ती पास झाली. दोन वर्षांच्या पदवीचं पत्र आलं तेव्हा शेत रिकामं झालं होतं आणि सरींमध्ये पावसाचं पाणी साचलं होतं. पाऊस काढणी संपल्यावर पडला होता. बापालाही घरी आणलं होतं. पहिल्या तारखेला वसतिगृहात हजर व्हायचं होतं, बसने नऊ तासांवर.

आईने आयुष्यात बहुधा पहिल्यांदा तिची विनवणी केली. "ती तीन वर्षांची कर की. त्या सिस्टर जागा देतात म्हणालीस ना? एक वर्षच जास्त. संध्याकाळी घरी येशील. नर्स ती नर्सच. पांढरे कपडे तेच."

"तेच नाहीत, आई. पदविकेवाली जन्मभर खाली राहते. मला वर जायचंय."

"थोडं उशिरा वर जा."

थोरला दारात होता. "खरं सांग ना तिला," तो म्हणाला. "वर-खाली काय सांगतेस?"

मुलगी म्हणाली, "हो. मला रोज संध्याकाळी ह्या घरात परत यायचं नाही. एक वर्ष जास्त लागेल म्हणून नाही. इथे यायचं नाही म्हणून."

खोलीचं दार उघडंच होतं. आत बाप जागा होता. तो काहीच म्हणाला नाही. आई उठली आणि कोरडे कपडे पुन्हा एकदा दोरीवर घालून आली.

जायला चार दिवस उरले होते. मुलीने आईला शिकवायला घेतलं. आईच्या हातून बापाचा गुडघा नीट दुमडायचा नाही, ती खांदा धरून ओढायची, बापाचं कातडं चादरीवर खरचटायचं.

"ओढू नकोस! किती वेळा सांगू? माणूस आहे का पोतं?"

आईने तिच्याकडे बघितलं. तो आवाज तिने घरात आधी ऐकला नव्हता.

"दोन तासांनी म्हणजे दोन तासांनी. अडीच नाही. स्वयंपाक करपला तरी चालेल."

"माणसाला थोडं मागेपुढे होतंच गं."

"झोप इथे," मुलगी म्हणाली. तिने जमिनीवर सतरंजी टाकली, तिला घडी पाडली. "झोप. उताणी. घडी कमरेखाली घे. आता दोन तास हलायचं नाही."

"वेड लागलं का? चूल..."

"मी बघते चूल. झोप."

आई झोपली. छोट्या मुलीसारखी, हात अंगाशी धरून. मुलगी दाराशी बसून बटाट्याची पोती शिवत राहिली. तासाभराने आई म्हणाली, "मुंग्या आल्या." मुलगी म्हणाली, "येऊ देत." थोरला येऊन बघून गेला, त्याचं तोंड वेडंवाकडं झालं. दोन तास झाल्यावर आईला उठता येईना. मुलीने तिला काखेत धरून बसवलं.

"कळलं?"

"कळलं," आई म्हणाली. मग बऱ्याच वेळाने, कंबर चोळत, "तू फार चांगली नर्स होशील." मुलीला वाटलं, आई कौतुक करतेय. ती हसली. आई हसली नाही.

पहिल्या तारखेआधी ती गेली. आईने डबा दिला, थोरला बसपर्यंत आला नाही.

मोठ्या सिस्टरनी सांगितलं होतं तसंच कॉलेजात होतं. सकाळी वॉर्ड, दुपारी वर्ग, दर शनिवारी परीक्षा. वर्गातल्या छत्तीस पोरींपैकी पहिल्या दोन महिन्यांत नऊ घरी गेल्या. एक वाणिज्य शाखेची पदवीधर होती, ती रोज रडायची आणि रोज उठायची. ही रडली नाही. पाठीच्या जखमांवर वर्गातल्या बाईंनी प्रश्न विचारला तेव्हा हिने उभी राहून रंग, कड, खोली, वास, सगळं सांगितलं. बाई म्हणाल्या, "पुस्तकात नाही इतकं माहीत आहे हिला. कुठे शिकलीस?" ती म्हणाली, "प्रत्यक्ष." वर्गाने टाळ्या वाजवल्या.

रविवारी ती फोन करायची.

"बाबा कसे आहेत?"

"बरे आहेत."

"वळवतेस ना?"

"वळवते."

याच्यापुढे आई बोलायची नाही, आणि ही घाईत असायची.

पाचव्या महिन्यात चार दिवसांची सुट्टी मिळाली. ती दुपारी घरी पोचली. शेतात दुसऱ्यांदा लागवड झाली होती. थोरला लांब पाटावर होता, त्याने हात केला नाही. आई मागे कपडे धुवायला गेली होती. मुलगी पिशवी ठेवून थेट खोलीत गेली.

बाप डाव्या कुशीवर होता. पाठीशी उशी, गुडघ्यांत घडी, टाच अधांतरी, चादर ताणलेली. तिने सदरा वर केला. जखम नखाएवढी उरली होती. गुलाबी, कोरडी, कडेने नवं कातडं धरलेलं. इतकी भरून आलेली जखम तिने कॉलेजच्या मोठ्या इस्पितळातही बघितली नव्हती.

आई दारात आली. डाव्या हातात बादली होती.

"बघितलंस?"

"बघितलं. आई, कसली सुंदर भरलीय. आमच्या बाईंना दाखवायला हवी."

"दाखव," आई म्हणाली आणि बादली ठेवली. ठेवताना तिने उजवा हात अंगाशीच धरला. मुलीने तो हात धरून पुढे ओढला. मनगटापाशी हाड वर उचलून आलं होतं, पंजा एका बाजूला कलला होता. बोटं अर्धीच मिटत होती.

"हे कधी झालं?"

"झालं."

"कधी, आई?"

"तुझी पहिली मोठी परीक्षा होती त्या आठवड्यात. ह्यांना वळवताना माझा पाय घसरला, हे अंगावर आले."

"डॉक्टरांना दाखवलं?"

"जायला-यायला आणि रांगेत दिवस जातो. दिवसभर ह्यांना कोण बघणार? थोरला अजून दारातच उभा राहतो."

"मला फोनवर का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर आली असतीस?"

त्या आठवड्यात हाडांचाच पेपर होता. मनगटातली आठ हाडं तिने क्रमाने, नावानिशी लिहिली होती आणि पैकीच्या पैकी मिळवले होते. हो म्हणायला काही लागत नव्हतं. आईही बहुधा तेवढ्यावर भागवून घेणार होती.

"नाही," मुलगी म्हणाली.

आईने मान डोलावली. "आता सरळ होईल का?"

मुलीने बोटांनी हाड चाचपलं. ते वाकडंच जुळलं होतं, पक्कं. "पुन्हा मोडून बसवावं लागेल. सहा आठवडे हात बांधून ठेवायचा."

"सहा आठवडे," आई म्हणाली आणि बाही खाली ओढली. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजत होते. "सरक. ह्यांची वेळ झाली."

मुलगी पुढे झाली, सवयीने तिने खांदा आणि कंबर धरली. आईने तिला कोपराने बाजूला केलं. गुडघा खाटेवर टेकवला, डावा हात बापाच्या काखेत घातला, उजव्या हाताचा पंजा वापरलाच नाही. कोपर त्याच्या कमरेखाली खुपसलं, दातांनी चादरीचं टोक धरलं आणि सगळं अंग मागे टाकलं. बाप अलगद दुसऱ्या कुशीवर आला. ही रीत कुठल्या पुस्तकात नव्हती.

"हे तुला कुणी शिकवलं?" मुलीने विचारलं.

आईने दातांतलं टोक सोडलं. ती धापा टाकत होती.

"कोण शिकवणार? तू दोन हातांचं शिकवून गेलीस."

मग ती बापाच्या पाठीशी उशी सारायला वाकली.